पोरांचं शेत

सबीना लव्हेलच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला त्या आठवड्यात दुसऱ्यांदा चुना लागत होता, आणि तरी तो तिच्या मनास येत नव्हता.

"टॉमी, खालचा कोपरा राहिला. तिथं काय तुझी सासू येऊन बसणार आहे?"

"सासू असती तर मी इथं तुझ्या भिंती फासत बसलो असतो का, सबीना?" शेजारचा टॉमी रुआन म्हणाला. सत्तरीचा सडाफटिंग माणूस. आयुष्यभर सबीनाची बोलणी खाल्ली आणि तिच्या हातचा ताकाचा पावही.

आमच्या किलड्रमला घरमिस्सेची पद्धत जुनी. वाडीतल्या एकेका घराची पाळी येते. त्या दिवशी फादर चर्च सोडून त्या घरी येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा होते, सगळी वाडी गुडघे टेकते, आणि मग नाश्ता. पाळी आली की बाई घर डोक्यावर घेते. सबीनाची पाळी नऊ वर्षांनी आली होती. ती त्र्याहत्तर वर्षांची. पुढली पाळी तिला दिसेल याची खात्री कोणी देत नव्हतं, आणि दिली असती तर तिनं त्याला फटकारलंच असतं.

यंदाच्या पाळीला आणखी एक मान होता. बिशप टार्पी वसंतात वारले. काल-परवाच, चौऱ्याण्णव साली, पिकल्या वयात. त्यांचा पुतळा उभारायचं किलड्रमच्या कमिटीनं ठरवलं होतं, आणि जागा ठरली होती सबीनाच्या टेकडीवरचा कोपरा. तिथून बंदरही दिसतं आणि मोठा रस्ताही. घरमिस्सेच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, सबीनानं त्या जागेच्या कागदावर सही करायची होती. सबीनानं हो म्हटलं होतं. एका दमात म्हटलं होतं.

का म्हणणार नाही? बिशप टार्पींनी किलड्रमला काय दिलं नाही? हॉस्पिटल त्यांनी बांधून घेतलं. त्रेसष्टच्या थंडीत कोळशाचे ट्रक त्यांनी पाठवले. सहा कोळी बुडाले तेव्हा भर पावसात, छत्री न घेता, सहाही पेट्यांमागून ते चालत गेले आणि रडले. खोटं नाही रडले. हे पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत.

आणि अठ्ठावन्न साली ते सबीनाच्या घरी आले होते. याच टेबलापाशी बसून दोन अंडी खाल्ली, निळ्या काठाच्या कपातून चहा प्यायले आणि म्हणाले, "अंडं किती उकडायचं हे या बाईला कळतं." शाळेत तीन इयत्तांपुढे न गेलेल्या बाईला एवढं प्रशस्तिपत्र पुरलं. तो कप मांडणीवर, येशूच्या तसबिरीखाली, उंच चढला. त्याला कोणी तोंड लावलं नाही. छत्तीस वर्षांत तो एकदाच खाली उतरला होता, आणि त्या एका दिवसाबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे.

त्या दिवसाबद्दल जिला बोलायचं होतं ती इंग्लंडला निघून गेली होती.

ती इटा, सबीनाची थोरली लेक, आदल्या संध्याकाळी बसमधून उतरली. एक्कावन्न वर्षांची, केस कापलेले, हातात एकच पिशवी. वडिलांच्या मयतानंतर आठ वर्षांनी आली होती. आईला घरमिस्सेसाठी बोलवायचं नव्हतं असं नाही, पण पत्र लिहायचं सबीनाला जमत नसे. टॉमीनं लिहून दिलं होतं आणि आपल्या मनानं शेवटी एक ओळ घातली होती : टेकडीवरच्या कोपऱ्यात पुतळा बसणार आहे.

"बारीक झालीस," सबीना म्हणाली.

"तू नाही झालीस."

"मी का होऊ? मी आपल्या घरचं खाते."

टॉमी मध्येच हसला, मग दोघींची तोंडं पाहून ब्रश धुवायला बाहेर गेला.

चहा झाला. चुलीत पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा निवांत जळत होत्या. सबीनानं ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला आणि लेकीपुढे ठेवला.

"मृतांची यादी लिहायची आहे. उद्या फादर मिस्सेत वाचतील. तुझं अक्षर चांगलं. मी सांगते, तू लिही."

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांची नावं लिहून फादरांना देतं. महिनाभर ती वेदीवर असतात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना होते. लहानपणापासून लव्हेलांची यादी इटाच लिहायची. तिनं पेन उघडलं.

"सगळ्यात वर बिशपसाहेब. बिशप टार्पी."

इटानं लिहिलं.

"मग तुझा बाप. फेस्टस. मग माझी सासू, अ‍ॅनी. जीभ विळ्यासारखी होती, पण लिही. मग माझे आईबाप. मग माझा भाऊ मायकल, तो बोटीवर गेला तो. मग नॅन किलकॉइन."

इटाचं पेन थांबलं. "नॅन सुईण? ती आपली कुठे नात्यातली?"

"तिच्यामागं कोणी नाही. लिही म्हटलं तर लिही."

इटानं लिहिलं. मग वाट पाहिली. चुलीत एक वीट ढासळली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"नक्की झालं, आई?"

सबीना टेबलावरचा चुन्याचा एक थेंब नखानं खरवडत होती. "बाप्तिस्मा न झालेल्यांची नावं यादीत घालत नाहीत. तुला माहीत आहे."

"तो नियम उठून वीस वर्षं झाली. माझ्याकडे कॉव्हेंट्रीत फादर स्वतः विचारतात, कुणाचं बाळ गेलं आहे का."

"कॉव्हेंट्रीत विचारत असतील."

इटानं पेनाला टोपण लावलं. ते काम तिनं फार हळू केलं. "तुझ्या हातात पाणी होतं, आई," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तीस वर्षं मी तुला एवढंच विचारायचं म्हणते. पाणी तुझ्या हातात होतं."

सबीना उठली आणि उद्याच्या पावाचं पीठ चाळायला लागली. चाळून झालेलं पीठ तिनं पुन्हा चाळलं.

घडलं होतं ते असं.

किलड्रममध्ये नॅन किलकॉइन नावाची सुईण होती. जन्मताच जाणाऱ्या पोरावर ती पाणी घालून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायची. वेळ पडली तर हे कोणीही करू शकतं, फादर नसला तरी चालतं, असं धर्मच सांगतो. पण नॅनचा जीव मऊ. पोर गेलेलं असलं तरी ती पाणी घालायची आणि आईला सांगायची की श्वास होता. त्यामुळे पोराला पवित्र माती मिळायची. नाहीतर बाप्तिस्मा नसलेल्या पोराला चर्चच्या दफनभूमीत जागा नाही. त्याला स्वर्ग नाही, नरकही नाही, कुठेतरी कडेला अंधारात ते कायमचं राहणार, असं आम्हाला शिकवलं होतं. अशा पोराला बापानं एकट्यानं उचलायचं, खोक्यात घालायचं आणि टेकडीवरच्या कोपऱ्यात पुरायचं. ना घंटा, ना फादर, ना आई. वर समुद्रावरचा एक पांढरा दगड. त्या कोपऱ्याला जुनी माणसं पोरांचं शेत म्हणत. सबीना लग्न होऊन आली तेव्हाही तो तिथं होता.

सत्तावन्न सालच्या मोठ्या उपदेशाला बिशप टार्पी वेदीवरून म्हणाले, "या गावात एक बाई प्रेतांवर पाणी ओतून देवाला फसवते आहे." नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. अख्खं चर्च मान वळवून नॅनकडे बघायला लागलं. सबीनाही बघायला लागली. सबीनाची दोन पोरं नॅनच्या हातावर जन्मलेली, आणि तिनंही मान वळवली. त्या दिवसानंतर नॅन कुणाच्या बाळंतपणाला गेली नाही. तिनं दार लावून घेतलं आणि पाच वर्षांत मेली.

म्हणून चौसष्टच्या फेब्रुवारीत इटाच्या बाळंतपणाला सुईण नव्हती. इटाचा नवरा कॉव्हेंट्रीला कारखान्यात. पहिलटकरीण आईकडे आलेली. बाहेर बर्फ. मुलगी झाली. निळी पडलेली, पण सबीनाच्या तळहाताखाली तिची छाती एकदा हलली. एकदा की दोनदा? सबीनानं मांडणीवरचा सगळ्यात पवित्र वाटणारा कप उतरवला, त्यात पाणी घेतलं, आणि बाळाच्या कपाळावर कप धरून ती उभी राहिली.

आणि उभीच राहिली.

छाती खरंच हलली का? नसेल हलली तर? मेलेल्यावर पाणी म्हणजे देवाची फसवणूक. शब्द चुकले तर? तीन इयत्ता शिकलेल्या बाईचे शब्द. तिच्या डोळ्यांपुढे अख्खं चर्च मान वळवत होतं.

तिनं नवऱ्याला फादरांकडे पिटाळलं. दोन मैल, बर्फातून. फादर आले तेव्हा बाळ गार होतं.

"पाणी घातलंत?" फादरांनी विचारलं.

"नाही, फादर."

"बरं केलंत. शंका असेल तर न घातलेलंच बरं. बिशपसाहेबांचंही तेच म्हणणं आहे."

बरं केलंत. हे दोन शब्द सबीनानं पदकासारखे छातीला लावले. शेजारणींना सांगितलं, मी नॅनसारखं नाही केलं, फादर म्हणाले बरं केलंत. मागच्या खोलीत खाटेवर इटा हे ऐकत होती. तिच्या अंगात दूध आलं होतं. फेस्टस चहाचं खोकं काखेत घेऊन टेकडी चढला, हे तिनं खिडकीतून पाहिलं. तीन आठवड्यांनी ती इंग्लंडला गेली. त्याआधी एकदा ती टेकडीकडे निघाली होती, तेव्हा सबीनानं फाटकाला तार बांधून टाकली होती आणि म्हटलं होतं, "तिथं काय आहे बघायला?"

इटाला पुढे मूल झालं नाही.

घरमिस्सेची सकाळ कोरडी निघाली. स्वयंपाकघरात बावीस माणसं गुडघ्यांवर होती, उरलेली जिन्यावर. फादर हेनेगन वर्षापूर्वी गावात आलेले, चौतीस वर्षांचे, गोड बोलणारे. टेबलावर सबीनाची पांढरी चादर, दोन मेणबत्त्या. मिस्सेत त्यांनी याद्या वाचल्या. लव्हेलांची यादी वाचली तेव्हा "नॅन किलकॉइन" या नावाला मागून कुणीतरी घसा खाकरला.

मिस्सा संपली. अजून कोणी उठलं नव्हतं. दुर्कन मास्तर, कमिटीचे अध्यक्ष, कागद घेऊन पुढे आले. पस्तीस वर्षं शाळा शिकवलेला माणूस, बोलायला उभा राहिला की लवकर बसत नाही.

"बिशप टार्पी आपल्या गावाचे बाप होते," ते म्हणाले. "त्यांनी कोणाला उघड्यावर सोडलं नाही. सबीनाबाई, तुमचा तो निळा कपही पुतळ्याच्या पायथ्याशी काचेत ठेवायचा विचार आहे. आणि जागा तर काय, तो कोपरा रिकामाच पडलेला."

सबीना पेन घ्यायला उठली होती. ती थांबली.

"रिकामा?" ती म्हणाली.

मास्तरांनी कागद सरळ केला. "म्हणजे तिथं काही पिकत नाही."

"मास्तर, तुमची आई माझ्या शेजारी बसायची चर्चमध्ये. तुमच्यानंतर तिला एक झालं होतं. ते कुठं आहे?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

फादर हेनेगन एकदा सबीनाकडे, एकदा मास्तरांकडे बघत होते. "मला कळलं नाही, आजी. त्या कोपऱ्यात काय आहे?"

"बघा, यांना कुणी सांगितलंच नाही," सबीना म्हणाली. "वर्षभर या सगळ्यांच्या घरी जेवायला जाताय, फादर, आणि एकानं तोंड उघडलं नाही. पोरं आहेत तिथं. बाप्तिस्मा न झालेली. खोक्यांत आहेत. साबणाच्या, चहाच्या, ज्याला जे मिळालं त्यात. इथं गुडघ्यावर बसलेल्या एकेका घराची आहेत. आणि त्यांच्या छातीवर आपण तो पुतळा उभा करणार, ज्यानं त्यांना आत येऊ दिलं नाही. मी हो म्हणाले होते. मीच म्हणाले."

"सबीनाबाई, तेव्हाचा काळ तसा होता," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "नियम रोमचा. बिशपसाहेब काय करणार?"

"नियम रोमचा असेल. नॅनकडे बोट रोमनं नाही दाखवलं. पलीकडच्या गावात फादर डोळे मिटून घ्यायचे आणि पोरं आत जायची, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्याकडे डोळे मिटायची परवानगी नव्हती." तिचा श्वास भरला होता. तिनं टेबलाची कड धरली. "मी त्या माणसाला वाईट म्हणत नाही. कोळसा दिला. मेलेल्या कोळ्यांमागून भिजत गेला. ते दगडावर लिहा. पण मग दुसरंही लिहा. लिहा की सबीना लव्हेल हातात पाणी घेऊन उभी होती, नात श्वास घेत होती, आणि तिनं पाणी घातलं नाही. देवाला भिऊन नाही. देव आठवलाच नाही मला. मी त्या माणसाला भ्यायले."



सबीना लेकीकडे वळली. इटा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती.

"ती जिवंत होती, इटा. मी तुला सांगितलं होतं की नव्हती. दोनदा हलली तिची छाती. मला पहिल्याच वेळी कळलं होतं."

इटानं कठडा धरला. ती रडली नाही. रडायचं तेवढं ती कॉव्हेंट्रीत रडली असावी.

मागून टॉमी रुआन म्हणाला, "आमची दोन आहेत. माझ्या आईची. काटेरी झाडाच्या उजव्या अंगाला. बापाबरोबर मी गेलो होतो दुसऱ्या वेळी. खोकं मी धरलं होतं." तो टोपी हातात फिरवत होता. "हलकं होतं."

मग मॅगी बर्क म्हणाली, आमचं एक. मग जिन्यावरून कुणीतरी. मग, खूप वेळानं, कागदाकडे बघत, दुर्कन मास्तर म्हणाले, "भिंतीलगत. माझा भाऊ."

फादर हेनेगननी मघाशी घडी घातलेली लव्हेलांची यादी पुन्हा उघडली. "बाळाचं नाव काय?" त्यांनी इटाला विचारलं.

सबीनाला वाटलं, नाव नसेल. तिनं तरी कधी ऐकलं नव्हतं.

"फिनोला," इटा म्हणाली. लगेच म्हणाली, विचार न करता, जसं रोज हाक मारणाऱ्या पोराचं नाव सांगावं.

त्या दिवशी अंडी कोणी फारशी खाल्ली नाहीत. कागद सही न होता मास्तरांच्या खिशात गेला.

दुपारी सबीनानं पक्कड घेतली आणि टेकडी चढली. इटा तिच्या मागून दहा पावलांवर. फाटकाची तार गंजून लाकडात रुतली होती. ती तोडायला म्हातारीला वेळ लागला, आणि इटानं पक्कड मागितली नाही, तिनंही दिली नाही.

आत गवत गुडघ्याएवढं होतं. गवतात पांढरे दगड होते. दहा, वीस, मग दोघींनी मोजणं सोडलं. काही मातीत बुडालेले, काही कलंडलेले, सगळे मुठीएवढे, सगळे सारखे.

"कोणता?" इटानं विचारलं.

सबीना दगडांकडे बघत राहिली. फेस्टस त्या संध्याकाळी टेकडीवरून उतरला, हात धुतले, जेवायला बसला. बावीस वर्षं त्यानंतर तो तिच्यासमोर त्याच टेबलापाशी जेवला. मग मेला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी त्याला कधी विचारलं नाही."

इटानं मान हलवली. आईवर ओरडायला ती तीस वर्षं शब्द जुळवत होती, पण आता एकही काढला नाही. ती गवतात बसली आणि जवळच्या दगडावर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग पुढच्यावर. मग त्याच्या पुढच्यावर. एकही सोडायचा नाही, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

सबीनाचे गुडघे मिस्सेनं आधीच दुखत होते. ती भिंतीच्या टोकाला गेली, खाली बसली, आणि तिकडून सुरुवात केली.

पुतळा अजून झालेला नाही. पैसे जमलेले आहेत, दगड आलेला आहे, तो मास्तरांच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. त्यावर काय कोरायचं ते कमिटीला ठरवता येत नाही. सबीना आठवड्यातून एकदा त्यांच्या दारावरून जाते आणि विचारते, लिहिलं का सगळं? मास्तर म्हणतात, अजून नाही, सबीनाबाई. तुमच्या गावातही एखाद्या थोर माणसाचा पुतळा असेल. त्याच्या पायाशी हार घालायला वाकाल तेव्हा पायाखालची माती जरा हातानं चाचपून बघा, कुणाला विचारायचं राहून गेलंय का ते.